‘गुन्हा कबूल’ म्हटल्यावर माघार घेता येते का? अपिलात कबुलीला आव्हान कसं दिलं जातं?

‘गुन्हा कबूल आहे का?’

न्यायालयात हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तर द्यायला काही सेकंदच लागतात. ‘नाही’ म्हटलं की साक्षीदार, उलटतपासणी आणि तारखांचा लांबचा रस्ता सुरू होतो. ‘होय’ म्हटलं तर कित्येकदा त्याच दिवशी निकाल लागतो. म्हणून किरकोळ प्रकरणांत ‘कबूल करून टाक, दंड भर आणि मोकळा हो’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास ऐकायला मिळतो.

पण माणूस खरंच मोकळा होतो का? आणि नंतर पश्चात्ताप झाला तर वरच्या न्यायालयात जाऊन ‘ती कबुली खरी नव्हती’ असं म्हणता येतं का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातलं विंचूर हे निफाड तालुक्यातलं कांद्याचं गाव. लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार इथं आहे, त्यामुळे हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअपची वर्दळ असते. समजा, इथल्या एका पिकअप चालकाची दुचाकीला धडक बसली, दुचाकीस्वार जखमी झाला आणि चालकावर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. खटला निफाडच्या न्यायालयात उभा राहिला. दोन-तीन तारखांना दिवसभराचा धंदा बुडाल्यावर चालकानं गुन्हा कबूल केला आणि दंड भरला.

काही महिन्यांनी जखमी व्यक्तीच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात तीच कबुली त्याच्यासमोर ठेवली गेली. आता तो म्हणतो, ‘चूक माझी नव्हतीच. रोजची कटकट नको म्हणून मी हो म्हटलं.’

त्याला अपील करता येईल? शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढ्या मुद्द्यावर येईल. पण ‘मी दोषीच नाही’ या मुद्द्यावर नेहमीचं अपील त्याला सहसा करता येणार नाही. त्यासाठी त्याला आधी वेगळीच गोष्ट सिद्ध करावी लागेल: आपण दिलेली कबुली कायद्याच्या अर्थानं कबुलीच नव्हती.

आधी एक गोंधळ दूर करू: कबुली कोणती?

बातम्यांमध्ये ‘आरोपीनं गुन्हा कबूल केला’ असं वाक्य आपण रोज वाचतो. पण कायद्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देत असतो.

पहिली, पोलिसांसमोरची कबुली. ती आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पोलीस कोठडीत दबाव येऊ शकतो, हे कायद्यानं ब्रिटिश काळापासून गृहीत धरलं आहे.

दुसरी, तपास सुरू असताना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब. जबाब देण्याची सक्ती नाही आणि दिला तर तो तुमच्याविरुद्ध वापरला जाईल, हे सांगूनच तो नोंदवावा लागतो. तो पुरावा असतो, पण खटला संपत नाही.

तिसरी, खटल्यात आरोप वाचून दाखवल्यावर दिलेलं ‘गुन्हा कबूल आहे’ हे उत्तर. हा लेख या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. यात आरोपी पुरावा मागण्याचा, साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःची बाजू मांडण्याचा हक्क एका झटक्यात सोडून देतो.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या विषयावरचा नियम मात्र जवळपास तसाच राहिला. जुन्या संहितेतलं कलम ३७५ आता कलम ४१६ झालं आहे.

हे कलम सांगतं की आरोपीनं गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर त्याला दोषी ठरवलं, तर अपील करता येणार नाही. शिक्षा उच्च न्यायालयानं दिली असेल तर अजिबात नाही. सत्र न्यायालयानं किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिली असेल तर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं अपील करता येतं.

यामागचा विचार सरळ आहे. स्वतःच ‘मी केलं’ म्हणणारा माणूस ‘मला चुकीनं दोषी ठरवलं’ अशी तक्रार कशी करू शकतो? तसं चालू दिलं तर शिक्षा मनासारखी नाही लागली म्हणून प्रत्येक जण शब्द फिरवेल.

पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे. कबुली दिली म्हणजे दोषी ठरवलंच पाहिजे, असं बंधन न्यायाधीशांवर नाही. कबुली नोंदवावी आणि ‘आपल्या विवेकानुसार’ त्यावरून दोषी ठरवावं, अशी शब्दरचना आहे. सत्र खटल्यासाठी कलम २५२, वॉरंट खटल्यासाठी २६४ आणि किरकोळ गुन्ह्यांच्या समन्स खटल्यासाठी २७५. समन्स खटल्यात तर आरोपीनं वापरलेल्या शब्दांतच, शक्य तितक्या जसंच्या तसं, त्याचं उत्तर लिहून घ्यावं असं कायदा सांगतो.

म्हणजे कबुली खरी आणि समजून दिलेली आहे याची खात्री करणं हे न्यायाधीशांचं काम आहे. ते नीट झालं नसेल, तर कलम ४१६ ची अट लागू होत नाही, असा युक्तिवाद वरच्या न्यायालयात करता येतो. ‘मी दोषी नाही’ असं थेट न म्हणता ‘मी कबुली दिलेलीच नाही’ असं म्हणायचं. वाक्य छोटं आहे, पण सगळा खटला त्यावर उभा राहतो.

कोणत्या कारणांवर कबुली रद्द होऊ शकते?

१. आरोप समजलाच नव्हता

आरोप आरोपीला समजेल अशा भाषेत वाचून आणि समजावून सांगावा लागतो. कलमांचे आकडे वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे. परप्रांतीय मजूर, भिल्ली किंवा कोकणी बोलणारा आदिवासी शेतमजूर, ऐकू कमी येणारी वृद्ध व्यक्ती, अशांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

२. उत्तर त्याच्या शब्दांत नोंदवलं नाही

महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच स्पष्ट केलं, की आरोपीच्या शब्दांत कबुली नोंदवण्याची अट ही केवळ औपचारिकता नाही. वरच्या न्यायालयाला कबुली खरी होती का हे तपासता यावं, म्हणून ती आहे. ती पाळली नाही तर दोषसिद्धी टिकत नाही.

३. जे कबूल केलं त्यानं गुन्हाच होत नाही

आपल्या पिकअप चालकानं ‘हो, माझ्या गाडीचा धक्का लागला’ असं म्हटलं असेल, तर ती अपघात झाल्याची कबुली आहे, निष्काळजीपणाची नाही. ‘मी मारलं, पण तो आधी कोयता घेऊन अंगावर आला होता’ हे वाक्य कबुलीसारखं दिसत असलं तरी त्यात स्वसंरक्षणाचा बचाव आहे. कबुली निःसंदिग्ध हवी. ‘हो, पण’ हे उत्तर ‘नाही’ असंच धरायला हवं.

४. आमिष किंवा आश्वासन

‘कबूल कर, फक्त दंड होईल’ असं आश्वासन मिळालं आणि म्हणून कबुली दिली, तर? या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचं मत कसं बदलत गेलं, ते पुढे पाहू.

५. वकीलच नव्हता

गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तसा हक्क आहे हे त्याला सांगणं न्यायालयाचं कर्तव्य आहे. १९८६ च्या सुक दास खटल्यात आरोपीला हे सांगितलंच गेलं नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. तो खटला कबुलीचा नव्हता, पण तत्त्व इथेही लागू पडतं. सगळे हक्क सोडून देणारं उत्तर माणसानं कोणाचाही सल्ला न घेता दिलं असेल, तर ते समजून दिलं होतं असं कसं म्हणायचं?

महाराष्ट्रातला तेलाचा खटला आणि नंतरचं वळण

१९७६ मध्ये मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. खुरासनी तेलात भेसळ केल्याचा आरोप होता. आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि खालच्या न्यायालयात हलक्या शिक्षेवर सुटले. पुढे उच्च न्यायालयानं शिक्षा वाढवली.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात आपला अंदाज उघडपणे लिहिला: हलकी शिक्षा मिळेल अशा आतल्या समजुतीवरच ही कबुली घाईघाईनं दिली गेली असावी. कामाच्या ओझ्याखाली दबलेला न्यायदंडाधिकारी मान डोलावतो, व्यापाऱ्याची तुरुंगवारी टळते, सगळे खूश होतात. नुकसान होतं ते समाजाचं, जो त्या खोलीत हजर नसतो. भेसळीसारख्या गुन्ह्यात असा सौदा चालणार नाही, असं न्यायालयानं ठणकावलं. आरोपींना दिलासा मिळाला नाही.

भेसळखोरांच्या बाबतीत हे ऐकायला बरं वाटतं. पण एक प्रश्न उरतोच. आश्वासनावर विसंबून माणसानं आपला बचाव सोडला आणि नंतर आश्वासन मोडून शिक्षा वाढवली, तर त्याच्या हातात काय राहिलं? खटला चालला असता तर कदाचित तो निर्दोष सुटला असता.

पुढच्या काही वर्षांत न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या प्रश्नाला उत्तर दिलं. १९८० च्या कासमभाई विरुद्ध गुजरात राज्य या भेसळीच्याच खटल्यात न्यायालयानं म्हटलं की अशा सौद्यातून आलेली कबुली दोषसिद्धीचा आधार होऊ शकत नाही. निर्दोष माणूसही लांबलेल्या खटल्याच्या भीतीनं ती देऊ शकतो. खटला पुन्हा रीतसर चालवण्यासाठी परत पाठवला गेला.

१९८३ चा थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला तर आपल्या पिकअप चालकाच्या उदाहरणाला अगदी जवळचा आहे. निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा आरोप होता. कबुली दिल्यावर दंडावर भागलं, पण अपिलात उच्च न्यायालयानं तुरुंगवास दिला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हलक्या शिक्षेच्या आशेवर कबुली घ्यायची आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भंग करणारं आहे. शिक्षा वाढवायचीच असेल तर आधी दोषसिद्धी रद्द करा, खटला परत पाठवा आणि आरोपीला बचावाची संधी द्या.

नव्या संहितेतही याला पूरक तरतूद आहे. शिक्षा कमी आहे म्हणून सरकारनं अपील केलं, तर कलम ४१८ नुसार आरोपीला आपल्याला निर्दोष सोडावं असाही युक्तिवाद करता येतो.

मोठ्या खटल्यांत काय झालं?

गंभीर गुन्ह्यांत न्यायालयं केवळ कबुलीवर विसंबून राहत नाहीत. खुनाच्या खटल्यात नुसत्या कबुलीवर शिक्षा देऊ नये, ही पद्धत मुंबई उच्च न्यायालयानं शंभर वर्षांहून आधीपासून सांगितली आहे. ‘मी मारलं’ म्हणणाऱ्याला खून आणि सदोष मनुष्यवध यातला फरक माहीत असेलच असं नाही, आणि त्या फरकावर फाशी की मुदतीची कैद हे ठरू शकतं.

माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली. या खटल्यात सुखदेवसिंग ऊर्फ सुखा आणि जिंदा यांनी न्यायालयातल्या जबाबात हत्या केल्याचं मान्य केलं. तरीही १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती कबुली आणि बाकीचा पुरावा दोन्ही तपासले आणि मगच फाशी कायम केली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला येरवडा तुरुंगात दोघांना फाशी झाली.

दुसरा खटला सगळ्यांच्या लक्षात असलेला. २० जुलै २००९ रोजी, खटला सुरू असतानाच, अजमल कसाब अचानक उभा राहिला आणि त्यानं गुन्हा कबूल केला. देशभर चर्चा झाली की आता खटला संपला. पण न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी कबुली नोंदवून घेतली आणि खटला पुढे चालू ठेवला, कारण कसाबनं सगळे आरोप मान्य केलेले नव्हते. डिसेंबर २००९ मध्ये कसाबनं शब्द फिरवला. मे २०१० मध्ये त्याला शिक्षा झाली, ती साक्षीपुराव्याच्या आधारावर.

न्यायाधीशांनी जुलैमध्येच त्या कबुलीवर निकाल दिला असता, तर अपिलात वर्षानुवर्षं ‘ती कबुली वैध होती का’ यावरच वाद झाला असता. पुरावा नोंदवल्यामुळे तो प्रश्नच उरला नाही.

या खटल्यातून सामान्य माणसालाही एक गोष्ट मिळाली, आणि ती फारशी सांगितली जात नाही. कसाबनं सर्वोच्च न्यायालयात आक्षेप घेतला होता की सुरुवातीला आपल्याला वकील मिळाला नाही आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब स्वेच्छेचा नव्हता. २९ ऑगस्ट २०१२ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि सी. के. प्रसाद यांनी हे आक्षेप फेटाळले. मात्र त्याच निकालात त्यांनी देशभरातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना बजावलं: आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच, वकिलाचा सल्ला घेणं हा त्याचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार वकील देईल, हे त्याला सांगा. कसूर केल्यास खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते.

अर्थात या एका त्रुटीमुळे आपोआप खटला रद्द होणार नाही, त्यामुळे आरोपीचं नुकसान झालं हे दाखवावं लागेल, असंही न्यायालयानं म्हटलं.

आव्हान देणं अवघड का आहे?

कायद्यात दार आहे, पण त्यातून आत जाणं सोपं नाही. मुख्य अडचण पुराव्याची.

न्यायालयात काय घडलं हे कसं सिद्ध करायचं? उत्तर न्यायालयाच्या दप्तरात असतं. आरोप आणि त्यावरचं आरोपीचं उत्तर ज्या कागदावर नोंदवलं तो कागद, त्या दिवसाचा रोजनामा, वकीलपत्र आणि निकालपत्र. ‘आरोप समजला, गुन्हा स्वखुशीनं कबूल’ असं छापील वाक्य आणि खाली सही किंवा अंगठा असेल, तर वरचं न्यायालय आधी त्यावरच विश्वास ठेवतं.

याबाबतचा महत्त्वाचा निकालही महाराष्ट्रातलाच आहे. तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणातून आलेल्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, न्यायालयात काय घडलं याबद्दल न्यायाधीशांनी निकालात जे लिहिलं ते अंतिम मानायचं. नोंद चुकली असेल तर सगळ्यांच्या आठवणी ताज्या असताना त्याच न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यायला हवं. वरच्या न्यायालयात जाऊन ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणण्याला फार कमी वजन आहे.

दुसरी अडचण मुदतीची. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करावं लागतं. उच्च न्यायालयात जायचं असेल तर ६० दिवस. अपिलाचा मार्ग बंद असेल तर पुनरीक्षण अर्ज करता येतो, त्याला ९० दिवस. उशिराचं सबळ कारण दिलं तर माफी मिळू शकते, पण कबुलीचे परिणाम बहुतेकांना कळतात तेव्हा वर्ष उलटलेलं असतं.

तिसरी गोष्ट, जिंकल्यावर काय मिळतं? बहुतेक वेळा निर्दोष सुटका नाही, तर खटला पुन्हा पहिल्यापासून. ज्या तारखांना कंटाळून कबुली दिली, त्याच तारखा परत. आणि दोषी ठरल्यास आधीपेक्षा जास्त शिक्षेची शक्यताही. मृत्यूच्या प्रकरणात तर नव्या भारतीय न्याय संहितेनं निष्काळजीपणाची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली आहे, मात्र ती १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना लागू आहे.

प्ली बार्गेनिंग म्हणजे वेगळं काय?

ज्या सौद्यावर १९७६ मध्ये न्यायालयानं ताशेरे ओढले, त्याला संसदेनं २००६ पासून मर्यादित स्वरूपात कायदेशीर मान्यता दिली. नव्या संहितेत कलम २८९ ते ३०० मध्ये ही पद्धत आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतच ती वापरता येते. महिलांविरुद्धचे गुन्हे, बालकांविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे यातून वगळले आहेत. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

फरक असा की इथं सौदा लपून होत नाही. न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड, समोरच्या पक्षाच्या गैरहजेरीत, स्वेच्छेनं अर्ज केला का हे विचारतात. पीडितालाही बोलणीत स्थान असतं. पण एकदा निकाल लागला की नेहमीचं अपील नाही. फक्त उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका.

निर्दोष माणूस कबुली देईलच कशाला?

हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर ब्रिटनच्या टपाल खात्यातून मिळतं. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीत दोष होते आणि हिशेबात नसलेली तूट दिसायची. शेकडो शाखाचालकांवर चोरी आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. अनेकांनी, तुरुंग टळावा म्हणून, गुन्हा कबूल केला. २३ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या अपील न्यायालयानं एकाच निकालात ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यात कबुली दिलेलेही होते.

अमेरिकेत तर खटला चालणं हाच अपवाद आहे. २०१२ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नमूद केलं की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात.

आपल्याकडे दबावाचं रूप वेगळं आहे. इथं खटल्याची लांबी हाच दबाव असतो. किरकोळ चोरीच्या आरोपात तुरुंगात असलेल्या कच्च्या कैद्याकडे जामीनदार नसतो. कबुली दिली तर तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेत धरून तो आज घरी जाऊ शकतो. नाकारली तर आणखी किती महिने, हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी ‘होय’ म्हणणारा खरं बोलतोय की फक्त थकलाय, हे कागदावरून कळत नाही.

त्याच्यासाठी दुसरा मार्गही कायद्यात आहे. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही.

ऑनलाइन चलन भरणं म्हणजेही कबुली?

वाहतूक पोलिसांना जागेवर किंवा ई-चलन आल्यावर भरलेली रक्कम हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तडजोड शुल्क असतं. त्यानं प्रकरण मिटतं, तुम्ही दोषी ठरत नाही. पण चलन भरलं नाही आणि ते व्हर्च्युअल कोर्टाकडे गेलं, की तिथं दोन पर्याय दिसतात: दंड भरणं किंवा आरोप लढवणं. तिथं दंड भरणं हे गुन्हा मान्य केल्यासारखंच आहे. गाडी तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला गेला असेल, तर बटण दाबण्याआधी दुसरा पर्याय बघा.

‘होय’ म्हणण्याआधी काय करावं?

आरोप कोणता, कलम कोणतं आणि त्याची कमाल शिक्षा किती, हे विचारा. समजलं नाही तर ‘समजलं नाही’ असं स्पष्ट सांगा. तसं म्हणणं हा न्यायालयाचा अवमान नाही.

वकील नसेल तर मागा. तालुका विधी सेवा समितीकडून पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या आरोपींना उत्पन्नाची अट लागू नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

‘हो, पण’ असं तुमचं उत्तर असेल तर ‘पण’ नंतरचं वाक्यही नोंदवून घ्यायला सांगा. सही करण्याआधी कागद वाचा किंवा वाचून घ्या.

फक्त दंड होईल असं कोणी सांगितलं, तर ते आश्वासन न्यायाधीशांना बांधून ठेवत नाही, हे लक्षात ठेवा. दारूबंदी आणि जुगारासारख्या गुन्ह्यांत दुसऱ्यांदा सापडल्यास शिक्षा वाढते, आणि पहिली कबुली तिथं मोजली जाते. पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात दोषसिद्धीची माहिती द्यावी लागते. ती लपवली तर नोकरी जाऊ शकते. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं क्षुल्लक प्रकरणांत नियोक्त्यानं सौम्य भूमिका घेता येईल असं म्हटलं, पण निर्णय त्याच्यावरच सोडला.

आणि कबुली देऊन झाली असेल, चूक लक्षात आली असेल, तर थांबू नका. त्याच आठवड्यात निकालाची आणि कबुली नोंदवलेल्या कागदाची प्रमाणित नक्कल मिळण्यासाठी अर्ज करा. नोंद चुकीची असेल तर त्याच न्यायालयाला लेखी कळवा आणि ३० दिवसांच्या आत वकिलाला भेटा. सत्र न्यायालयात पुढचा सगळा युक्तिवाद त्या एका कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, यावरच होणार आहे.